शिवकन्याबाईंचे ओठ आणि शंखाचा मान

सिरसाळ्याच्या पेठेत मल्लिनाथअप्पांचं किराणा दुकान. माल इतरांसारखाच, भावही तोच, तरी गर्दी तिथं जास्त. कारण गल्ल्यावर अप्पांची सून बसायची, शिवकन्या. पाव किलो साखर बांधून होईस्तोवर गिऱ्हाइकाच्या घरातलं भांडण, लेकीचं माहेरपण आणि म्हशीचं आटलेलं दूध, सगळं तिच्या पदरात जमा झालेलं असायचं. बदल्यात तीही हात आखडता घेत नसे. शेजारच्या गल्लीतली एखादी ताजी बातमी वरकड म्हणून पुडीबरोबर द्यायची. मी चहापत्ती रोज थोडी थोडी का नेत होतो, हे आमच्या घरी कुणाला कधी कळलं नाही.

बाई चकलांब्याची. उंचीपुरी, गोरी, केस गुडघ्याला. देवानं सगळं भरभरून दिलं, ओठ तेवढे हात राखून दिले. मळलेल्या कणकेवर नखानं रेघ ओढावी एवढेच. हसली की दात दिसायचे, ओठ कुठं गेले ते शोधावं लागायचं. तिची सासू शांतादेवी पानाला चुना लावता लावता म्हणायची, "एवढ्याशा फटीतून एवढं बोलणं निघतं तरी कसं म्हन्ते मी!"

शिवकन्या हसून घ्यायची. पण टोचायचं तिला, हे मी सांगतो.

आता शंखाचं सांगायला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ओठांचं काही कळायचं नाही. आमच्या पेठेतल्या म्हादेवाची पालखी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी निघते. अप्पांच्या घरचा शंख वाजल्याशिवाय ती ओट्यावरून उचलायची नाही, अशी जुनी रीत. तीन फुंकांत शंख बोलला पाहिजे. नाही बोलला तर मान त्या घरातून उठला आणि भावकीत गेला. भावकी म्हणजे कोण, तर अप्पांचा पुतण्या केदारनाथ. समोरच त्याचं खत-बियाण्याचं दुकान. माणूस तसा चांगला, पण दर श्रावणात नवं सोवळं नेसून पालखीजवळ असा उभा राहायचा, की जणू एखाद्या घरातलं पिकलं पान गळायचीच वाट बघतोय.

अप्पांनी उमेदीत शंख गाजवला. पुढं दात गेले, कवळी आली. एका श्रावणात शंख वाजला आणि त्याच्यामागोमाग कवळीही बाहेर आली. पालखी उठली, पण अप्पांनी पुन्हा शंख हातात धरला नाही. मुलगा योगीराज दम्याचा. तो फुंकायला लागला की शंखाऐवजी त्याची छातीच वाजायची. केदारनाथनं पुढच्या श्रावणासाठी पेढेसुद्धा सांगून ठेवले होते म्हणतात. तेवढ्यात शिवकन्येनं परसात सहज शंख तोंडाला लावला. लहानपणी चकलांब्याला ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरं हाकलताना ही शिंग फुंकायची. असा लांब, धारदार सूर निघाला की बाजारातले बैल कान टवकारून उभे राहिले.

केदारनाथ म्हणाला, "बाईमाणसानं शंख? काय बोलता काय!"

देवळाचा गुरव तात्याबा. वय झालेलं, पण जीभ शाबूत. तो म्हणाला, "मान घराचा हाय, मिशीचा न्हाई."

तेव्हापासून शंख शिवकन्येचा. सासूही त्या एका दिवशी तिच्याविषयी चकार शब्द वाकडा बोलत नसे. वर्षातला तेवढाच एक दिवस, पण शिवकन्येला तो उरलेल्या वर्षाला पुरायचा.

मग ते दिवस आले. पेठेत केबल आली, चौकात एसटीडीची पिवळी पाटी लागली, आणि अप्पांच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. प्रत्येक पुडीवर एक बाई. केस मोकळे, नजर तिरपी आणि ओठ हे असे, पिकल्या तोंडल्यासारखे. शिवकन्या गल्ल्यावर, आणि डोक्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या बाया हारीनं लटकलेल्या. माणसानं किती सोसावं?

तिची धाकटी बहीण ईश्वरी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात कामाला होती. आयात खुली झाल्यावर कुणी काय आणलं, कुणी काय. त्या डॉक्टरनं ओठांत घालायच्या मऊ नळ्या मागवल्या. दिवाळीला शिवकन्या बहिणीकडं गेली. तिथं दोघी बहिणींचं काय गुळपीठ शिजलं ते म्हादेवाला माहीत. पण परत आली ती एसटीतून तोंडाला पदर लावूनच उतरली.

पदर किती दिवस टिकणार? गल्ल्यावर बसायचं, बोलायचं. पहिल्याच सकाळी साखराबाई आली. साखराबाई म्हणजे आमच्या पेठेचा आकाशवाणीचा टॉवर.

"अगं बया! तोंडाला काय झालं गं?"

शिवकन्येनं घाबरून जे सुचलं ते सांगितलं. "गांधीलमाशी चावली मावशी."

"कुठं?"

"ओठाला."

"ते दिसतंय. कुठं चावली, कुण्या जागी?"

आता जागा काढायची कुठून? तिनं समोर बोट केलं. समोर केदारनाथचं गोदाम. वळचणीला गांधीलमाश्यांचं एक पोळं खरंच होतं बिचारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

झालं. दुपारपर्यंत सगळ्या पेठेनं तिच्यावर इलाज केले. कुणी ओठाला लोखंड घासलं, कुणी चुना लावला, कुणी तुरटी. तात्याबानं अंगारा दिला. बाई सगळं मुकाट सोसत होती. मोठाल्या ओठांवर पांढरं, पिवळं, राखाडी असे थर. मी चहापत्ती घ्यायला गेलो तर मला म्हणाली, "हसू नका काका, लई दुखतंय." ओठ दुखत होते की दुसरं काही, ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी पोरंटोरं आणि चार बाप्ये टेंभा घेऊन पोळं जाळायला निघाले. केदारनाथ आडवा आला. "माझ्या गोदामात पोती हायत बे! आणि ती माशी कुणाला चावत न्हाई, मी रोज खालून जातो!"

"मग वहिनीला कावून चावली?"

पोरांनी त्याला बाजूला सारलं. टेंभा वर गेला. पोळं जळालं थोडं, भडकलं जास्त, आणि सगळ्या माश्या आपल्या घरमालकावरच आल्या. केदारनाथच्या गालाला दोन, ओठाला एक. रात्री तो आरशात बघेना.

इथंच सगळा घोटाळा झाला. केदारनाथचं तोंड दोन-तीन दिवसांत उतरून जागेवर आलं. शिवकन्येचं मात्र होतं तिथंच. पेठेनं समोरासमोरची दोन्ही तोंडं ताडून बघितली. एका माशीनं बाप्याला सोडलं आणि बाईला धरून बसली, असं कसं? शेवटी शांतादेवीनं सुनेला माजघरात ओढलं, दिव्याखाली धरलं आणि खालचा ओठ चिमटीत घेऊन दाबला.

"आत काय हाय गं? शेवगा? शिजायचा राहिलाय वाटतं!"

शिवकन्या रडली, मग सगळं सांगितलं. योगीराज ऐकून एवढा हसला की त्याला दम्याचा पंप ओढावा लागला. अप्पा म्हणाले, "माझ्या दातापेक्षा बरं हाय, निदान आतल्या आत राहतंय." शांतादेवीनं मात्र बोटावर महिने मोजले. ती पुढचं बघत होती.

पुढचं म्हणजे महाशिवरात्र. त्या दिवशी शंख धुऊन, पूजा करून एकदा फुंकून ठेवायची रीत. शिवकन्येनं शंख उचलला, डोळे मिटले, छाती भरली आणि फुंकला.

फुर्रर्र.

पुन्हा फुंकला. म्हातारं गाढव नाक शिंकरतं तसा आवाज. त्या नळ्यांनी ओठ भरदार झाले होते खरे, पण लाकडी. शंखाला ओठांची थरथर लागते. ती कुठून यावी? कडेकडेनं वारा निसटून जायचा. घाम आला बाईला. समोरच्या माळवदावर केदारनाथ उभा होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याचा सराव सुरू झाला. त्याचा शंख म्हणजे घाटात अडकलेला ट्रक, पण ट्रक का होईना, वाजत होता.

त्याच आठवड्यात मी एसटीडीवाल्याकडं बसलो होतो. फोनच्या काचेच्या पेटीचं दार नीट लागत नसे, हा पेठेवर मोठाच उपकार. आत शिवकन्या ओरडत होती, "ईश्वरे, काढायचं हाय ते!... न्हाई, सुजलं न्हाई... दुखत बी न्हाई... हां, दिसायला झ्याक हाय... अगं पण वाजत न्हाई ना!... शंख! शंख!... तुज्या डॉक्टरला सांग, दिसण्यापुरते ओठ नकोत, वाजणारे पायजेत!"

पुण्याला सोबत कोण गेलं? शांतादेवी. सुनेनं एकटीनं जाऊन नळ्या घालून आणल्या, आता एकटी गेली तर आणखी काय घालून येईल, असा तिचा हिशेब. तिथली हकीकत तिनं मला नंतर ओसरीवर बसून तिखटमीठ लावून सांगितली. डॉक्टर म्हणाला, "आजी, काढता येतील. पण ओठ पहिल्यासारखे होतीलच, असं मी म्हणत नाही. आत चिवटपणा राहतो. कदाचित पूर्वीपेक्षा थोडे पातळ होतील."

"पूर्वीपेक्षा पातळ?" शांतादेवी म्हणाली. "मग उरंल काय?"

डॉक्टर हसला. म्हणाला, शंख वाजेल की नाही ते शंखालाच विचारावं लागेल. त्याच्याकडं सिनेमात जाऊ बघणाऱ्या मुली यायच्या, शंख वाजवणारी हीच पहिली. शिवकन्येनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाली, "काढा. मानच गेला तर हे तोंड कुणाला दाखवू?"

भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडाच्या कोपऱ्यांतून बारीक चिरा घेतल्या आणि नळ्या ओढून काढल्या. शांतादेवीनं त्या बघायला मागितल्या. बघून म्हणाली, "याच्यापेक्षा आमच्या शेवया जाड असत्यात."

टाके पडले. पुढं डॉक्टरनं पथ्य सांगितलं, आणि खरी शिक्षा तिथं होती. तिखट नाही, गरम नाही. मऊ खायचं, चमच्यानं. उशीवर उशी ठेवून डोकं उंच करून झोपायचं. फुंकायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही, बोलायचं कमी आणि खळखळून हसायचं तर अजिबात नाही. टाके ताणतील.

शिवकन्येनं बोलायचं नाही! पेठेत ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही, आणि मग यात्रेसारखे बघायला आले. बाई दुकानामागच्या खोलीत पडलेली. ओठ जांभळे-काळे, कोपऱ्यात दोरे, कपड्यात बांधलेला बर्फ तोंडाला. शांतादेवी उंबऱ्यात लाटणं घेऊन बसलेली.

"हसवायचं न्हाई," ती येणाऱ्याला बजावायची. "बघा आणि चालते व्हा."

मी गेलो. तोंड सुतक्यासारखं करून गेलो. एक शब्द बोललो नाही. नुसता केदारनाथ पहाटे शंख फुंकताना गाल कसे फुगवतो तेवढं करून दाखवलं. शिवकन्येनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी, खांदे गदगदा हलतायत. लाटणं माझ्या पाठीत बसलं.

"तुमाला म्हातारपणी लाज न्हाई का हो!" शांतादेवी कडाडली. पण तीही पदराआड हसत होती, मी बघितलं.

सासूचं एक मात्र मानलं पाहिजे. जन्मभर त्या ओठांवरून टोमणे मारले, पण आता त्यांना जपायला तीच. मुगाचं पातळ वरण, दूध-भात कालवून, ज्वारीची आंबील गार करून. टाके निघाल्यावर कोपऱ्यांत गाठी राहिल्या, ओठ आवळल्यासारखे झाले. डॉक्टरनं बोटानं हळूहळू चोळायला सांगितलं होतं. शांतादेवी लोणी घेऊन बसायची. चोळता चोळता म्हणायची, "मी बोलले म्हणून गेलतीस व्हय गं पुण्याला?"

शिवकन्या मानेनं नाही म्हणायची.

"खरं सांग."

मग ती बोटांनी चिमटीभर दाखवायची. थोडंसं. शांतादेवी आणखी हळू चोळायची.

पहिल्यांदा बशीतून चहा प्यायला बसली तेव्हा निम्मा हनुवटीवरून पदरावर आला. ओठ बधिर, बशी लागली की नाही तेच कळेना. अप्पा तिला म्हणाले, "घाबरू नको पोरी, कवळी बसवल्यावर माझंबी असंच झालतं." दोघं सासरा-सून ओसरीत समोरासमोर बसून बशीतून चहा प्यायची खटपट करत होते, एक दातांपायी, एक ओठांपायी. मी चहाच्या वेळेलाच तिकडं फिरकायचो.

बोलणं सुटलं तेव्हा पेठेला हायसं वाटलं. दुकान पुन्हा भरायला लागलं. ओठ डॉक्टर म्हणाला तसेच झाले, होते त्याहूनही बारीक. कडेला दोन सुरकुत्या आल्या, खालच्या ओठात डावीकडं एक गाठ राहिली. शाम्पूच्या माळा तिनं काढून दारामागं टांगल्या. विचारलं तर म्हणाली, "वाऱ्यानं डोक्यात येत्यात."

आता उरला शंख. डॉक्टरनं फुंकायची मोकळीक दिली, पण बाई शंखाला हात लावायलाच भ्यायला लागली! नळ्या घातल्या तेव्हा भ्याली नाही, काढल्या तेव्हा भ्याली नाही, शंखाकडं मात्र नुसती बघायची. शांतादेवीनं शहाणपणा केला. चुलीवरचं सगळं काम तिच्याकडं दिलं. ओली लाकडं आणि हातात फुंकणी. जाळ पेटवता पेटवता गालात जोर आला. मग भाजलेले शेंगदाणे तळहातावर चोळून टरफलं फुंकायची. दुकानात दिवसभर तेच. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत टरफलं जायची आणि साखराबाई शिव्या घालायची. आषाढ सरता सरता दोघी सासू-सुना शंख पिशवीत घालून शेतात गेल्या. काय झालं तिथं, ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही. मी शांतादेवीला विचारलं, "वाजला का?"

"म्हशी उठल्या," ती म्हणाली. यातून काय समजायचं ते मी समजलो नाही.

तिसरा सोमवार उजाडला. देवळापुढं पाय ठेवायला जागा नाही. दरवर्षीची गर्दी देवाला असते, त्या वर्षीची ओठांना होती. अप्पा खुर्चीवर, योगीराज खांबाला टेकून, पंप मुठीत. केदारनाथनं नवं सोवळं नेसलं होतं आणि आपला शंख धोतराच्या निरीत धरला होता. पालखीवर छत्री धरायचा मान त्याच्याकडं, ती त्यानं बायकोजवळ दिली. हात मोकळे ठेवले.

शिवकन्या पुढं आली. ओठ चकाकत होते. शंख लावला, फुंकला.

फुस्स.

केदारनाथनं निरीतला शंख बाहेर काढला.

दुसऱ्यांदा शंख लावला. शंख ओठांवरून असा घसरला, की साबणाची वडी हातातून निसटावी. आवाज असा आला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शिवकन्येचा चेहरा पांढरा पडला. एकच फुंक राहिली होती.

आणि शांतादेवी गर्दी फोडत आली. "थांब, थांब! मेली मीच ती! सकाळी तूप चोपडलंय मी तुला, चिरू नयेत म्हणून! पुस ते आदी!" तिनं पदराचं टोक धरलं आणि सगळ्या पेठेदेखत सुनेचे ओठ खसाखसा पुसले, शेंबडं पोर पुसावं तसे. शिवकन्या कळवळली. "आत्याबाई, हळू!"

"हळू काय हळू! फुंक आता!"

केदारनाथ म्हणाला, "दोन झाल्या, हां. तात्याबा, दोन झाल्या."

"मोजता येतं मला," तात्याबा म्हणाला.

तिसरी फुंक. आधी काहीच नाही. नुसता वारा. मग त्या वाऱ्याच्या तळातून काहीतरी हललं. तिचा तो जुना धारदार सूर नव्हता. खोल होता, घोगरा, जरा चिरका, पण लांब, लांब आणि पोटातून आलेला. जमिनीतून आल्यासारखा. बाजारातली सगळी जनावरं उठून उभी राहिली. तेव्हा मला शांतादेवीचं उत्तर कळलं.

"हा आपल्या घरचा आवाज न्हाई!" केदारनाथ ओरडला. "आवाज बदललाय! पंच बसवा, आदी ठरवा…"

तात्याबानं त्याच्याकडं बघितलं आणि मग ओट्याकडं. ओटा रिकामा होता. भोई शंख ऐकायला उभे होते, त्यांनी ऐकला आणि पालखी उचलून चालायला लागले. सूर पातळ की जाड, हे खांद्याला कळत नाही. पालखी पार पेठेच्या वळणाला लागली होती, आणि छत्रीचा मानकरी इथं पंच बसवत होता.

"पळ बे केदार, देव उन्हात चाललाय!" योगीराज म्हणाला, आणि हसता हसता त्यानं पंप तोंडाला लावला.

केदारनाथनं बायकोच्या हातातली छत्री ओढली, सोवळं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पालखीमागं पळत सुटला. जाता जाता त्याचा शंख पडला, तो अप्पांनी उचलून मांडीवर ठेवला. "फुटला न्हाई," म्हणाले, "चांगला हाय."

शिवकन्या पालखीबरोबर चालली. शांतादेवी तिच्या बाजूनं, पदर हातातच, लागलंच तर पुन्हा पुसायला. रीत एकदा फुंकायची. पण तिचं तोंड एवढे महिने बंद होतं. मारुतीपाशी तिनं फुंकला, चावडीपाशी फुंकला, केदारनाथच्या गोदामापाशी तर दोनदा. एसटी थांब्यावर परळीची गाडी थांबून राहिली, ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. प्रत्येक वेळी ओठ पुसायची, प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा मोठा. शेवटी वेशीपाशी तात्याबानं कानांवर हात ठेवले.

"बाई, म्हादेवानं ऐकलं गं! आता आमच्या कानाला तरी सोड."

तिनं ऐकलं नाही. छाती भरली आणि पुन्हा शंख तोंडाला लावला.